खोतांची अटकळ

एका शहरात हजार घड्याळं आहेत आणि सगळी बंद पडलेली आहेत, असं समजू. सोबत चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा आहे. प्रत्येक चिठ्ठीत दोनच घड्याळांचा उल्लेख: बाजारातलं घड्याळ स्टेशनातल्याच्या तीन तास पुढे, शाळेतलं देवळातल्याच्या पाच तास मागे. चिठ्ठ्यांबरहुकूम सगळ्यांचे काटे लावायचे. सगळ्या चिठ्ठ्या खऱ्या असतील तर शाळकरी मुलगाही हे काम उरकेल. एक घड्याळ धरायचं, त्यावर वाटेल ती वेळ लावायची आणि चिठ्ठीमागून चिठ्ठी बघत पुढे जायचं. पहिल्यावरून दुसऱ्याची वेळ ठरते, दुसऱ्यावरून तिसऱ्याची.

आता शंभरात एक चिठ्ठी खोटी आहे, आणि ती कोणती हे सांगायला कुणी नाही. मुलगा त्याच पद्धतीनं निघतो, वाटेत कधीतरी खोटी चिठ्ठी हाताला लागते आणि तिथून पुढची सगळी घड्याळं चुकत जातात. त्यात तबकडीवर बाराच तास असतील असं नाही. ती हजार तासांची असेल, लाख तासांची असेल. शंभरातल्या नव्याण्णव चिठ्ठ्या एकाच वेळी पाळता येतात, एवढं आश्वासन आपल्याला आहे. तेवढ्या बळावर निदान शंभरातली एक चिठ्ठी पाळली जाईल, अशी मांडणी तरी वाजवी वेळात शोधता येईल का?

सुभाष खोत यांचं म्हणणं असं की, तबकडी पुरेशी मोठी असेल तर नाही. हा प्रश्न संगणकशास्त्रातल्या सगळ्यात कुख्यात प्रश्नांइतकाच अवघड आहे, असं त्यांनी २००२ साली मांडलं. जगभर हे विधान 'युनिक गेम्स कंजेक्चर' म्हणून ओळखलं जातं. मी त्याला अटकळच म्हणेन. नुसता अंदाज म्हटलं तर त्याचं वजन कमी होतं, आणि प्रमेय म्हणायला सिद्धता नाही. आजही नाही. तरीही या एका न सिद्ध झालेल्या विधानानं गेल्या दोन दशकांत संगणकाच्या गणिताला जेवढं कामाला लावलं, तेवढं फार थोड्या सिद्ध झालेल्या प्रमेयांनी लावलं असेल.

खोत इचलकरंजीचे. यंत्रमागांच्या या गावातल्या व्यंकटराव हायस्कूलमध्ये त्यांचं शिक्षण झालं. १९९४ आणि १९९५ अशी सलग दोन वर्षं आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये भारताकडून रौप्यपदक, १९९५ मध्ये आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत देशात पहिला क्रमांक, १९९९ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून पदवी. तिथून ते प्रिन्स्टनला गेले, संजीव अरोरा यांच्या हाताखाली पीएचडी करायला. अरोरा मूळचे जोधपूरचे, आणि तेही १९८६ च्या त्याच प्रवेश परीक्षेत पहिले आलेले. पण गुरु-शिष्यांना जोडणारा खरा धागा परीक्षेचा नव्हता. अरोरा यांनी १९९२ मध्ये ज्या कामात हात घातला होता, ते काम एका ठिकाणी अडून बसलं होतं. खोत नेमके तिथे पोहोचले.

ती जागा समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. १९७१ मध्ये स्टीफन कुक आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे सोव्हिएत संघात लिओनिड लेविन यांनी दाखवलं की, काही प्रश्न असे आहेत की त्यांतला एक झटपट सुटला तर उत्तर तपासायला सोपे असणारे झाडून सगळे प्रश्न झटपट सुटतील. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये अशा एकवीस प्रश्नांची यादी दिली आणि मग यादी वाढतच गेली. वेळापत्रकं, नकाशे, मालाची वाहतूक, सगळीकडे हेच प्रश्न. अचूक उत्तर लवकर मिळण्याची आशा जवळपास संपली, तेव्हा लोक जवळपासच्या उत्तराकडे वळले. हेही व्यवहाराला धरूनच झालं. पूर्ण मिळत नसेल तर किती मिळेल ते बघू.

दोन उदाहरणं इथेच नीट बघून ठेवू, कारण पुढची सगळी हकीकत त्यांच्याभोवती फिरते. पहिलं पहारेकऱ्यांचं. गावातल्या चौकांत पहारेकरी उभे करायचे आहेत. प्रत्येक रस्त्याच्या निदान एका टोकाला माणूस हवा आणि एकूण माणसं कमीत कमी हवीत. याला 'व्हर्टेक्स कव्हर' म्हणतात. यावर एक अगदी भोळी युक्ती आहे. पहारा नसलेला कुठलाही रस्ता उचला, त्याच्या दोन्ही टोकांना माणूस उभा करा, पुढचा रस्ता बघा. अशानं लागणारी माणसं कमीत कमी गरजेच्या दुपटीहून जास्त कधीच होत नाहीत, कारण त्या रस्त्यावर एक माणूस तर कुणालाही लावावाच लागला असता. ही युक्ती पाच मिनिटांत शिकवता येते. तिच्याहून ठोसपणे चांगली, म्हणजे दोनाऐवजी १.९९ पट हमी देणारी पद्धत आजवर कुणालाही सापडलेली नाही.

दुसरं उदाहरण भांडकुदळ पाहुण्यांचं. लग्नात दोन पंगती आहेत आणि कुणाचं कुणाशी पटत नाही याची यादी आहे. जास्तीत जास्त भांडणारी जोडपी वेगवेगळ्या पंगतीत बसवायची. हा 'मॅक्स-कट'. प्रत्येकासाठी नाणं उडवून पंगत ठरवली तरी सरासरीनं निम्मी जोडपी वेगळी होतात. १९७६ मध्ये सहानी आणि गोन्झालेझ यांनी निम्म्याची पक्की हमी देणारी पद्धत दिली, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं या निम्म्याला कुणी म्हणण्यासारखं हलवू शकलं नाही. १९९४ मध्ये मिशेल गोमन्स आणि डेव्हिड विल्यमसन यांनी ते हलवलं. त्यांनी पाहुण्यांना पंगतीत बसवण्याआधी अनेक मितींच्या एका गोलावर बसवलं. न पटणारे एकमेकांपासून होता होईल तेवढे लांब ढकलले, मग तो गोल मध्यातून जाणाऱ्या एका पातळीनं वाटेल तसा कापला. एक अर्धा या पंगतीत, दुसरा त्या. हमी निम्म्यावरून एकदम ०.८७८ वर गेली. हा आकडा कुठल्या गोल संख्येच्या आसपासचा नाही. कोनांच्या हिशेबातून तो जसा निघाला तसा घेतला गेला, आणि बहुतेकांना वाटलं असणार की उद्या कुणीतरी तो सुधारेल.

पद्धती सुधारणाऱ्यांच्या या गल्लीला समांतर दुसरी एक गल्ली होती, पद्धत नाहीच हे सिद्ध करणाऱ्यांची. अचूक उत्तर अवघड आहे हे ठीक, पण जवळपासचं उत्तरही अवघड आहे हे कसं दाखवायचं? १९९२ मध्ये अरोरा आणि श्मुएल साफ्रा यांनी, आणि लगोलग अरोरा, कार्स्टन लुंड, राजीव मोटवानी, मधु सुदन व मारियो सेगेडी यांनी याचं उत्तर दिलं. त्याला 'पीसीपी प्रमेय' म्हणतात. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, तसं हे आहे. पण ती परीक्षा चालते कारण भात पातेलंभर सारखा शिजतो. गणिताच्या सिद्धतेचं तसं नसतं. शंभर पानांत एका ओळीत खोट असते आणि बाकीचं सगळं धडधडीत खरं असतं. पीसीपी प्रमेय सांगतं की, कुठलीही सिद्धता अशा रीतीनं नव्यानं लिहिता येते की कुठे एक खोट असेल तर ती पातेलंभर पसरते. मग तपासणाऱ्यानं मनाला येतील ती मोजकी अक्षरं बघितली तरी खोट बऱ्यापैकी शक्यतेनं पकडली जाते. सिद्धता कितीही लांब असो, बघायच्या अक्षरांची संख्या तेवढीच राहते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या गणितात इतकं अनपेक्षित फार थोडं घडलं, असं मला मनापासून वाटतं.

स्टॉकहोमच्या योहान होस्टाड यांनी १९९७ मध्ये ही शितं तीनवर आणली आणि त्यातून काटेकोर सीमा काढल्या. तीन-तीन चलांच्या अटींचा 'थ्री-सॅट' हा प्रश्न घ्या. नाणं उडवून उत्तरं दिली तरी सरासरीनं आठातल्या सात अटी पुऱ्या होतात. होस्टाड यांनी दाखवलं की, ज्यात सगळ्या अटी पुऱ्या होऊ शकतात अशा प्रश्नांतही सात-अष्टमांशापलीकडे रेसभर हमी देणं सर्वसाधारणपणे अवघडच आहे. नाण्याहून शहाणी पद्धत नाही, हे सिद्ध झालं. पण मॅक्स-कटमध्ये आणि पहारेकऱ्यांत प्रत्येक अट दोघांचीच असते, रस्त्याला टोकं दोनच. दोन शितांवर परीक्षा करायला गेलं की होस्टाड यांची यंत्रणा घरंगळायची. मॅक्स-कटसाठी ती ०.९४ च्या आसपास थांबली. पद्धत ०.८७८ वर, अशक्यतेची सिद्धता ०.९४ वर, आणि मधल्या जागेत काय आहे ते कुणालाच दिसत नव्हतं.

अडचण सुरुवातीच्या कच्च्या मालात होती. या सगळ्या सिद्धता एका चौकशीच्या खेळापासून सुरू होतात. दोन आरोपी वेगवेगळ्या खोल्यांत, एकेकाला एकेक प्रश्न, आणि दोघांची उत्तरं एकमेकांशी जुळतात का ते बघायचं. जो खेळ अवघड असल्याचं सिद्ध झालं होतं, त्यात पहिल्याच्या अनेक उत्तरांना दुसऱ्याचं एकच उत्तर चालून जायचं. हा ढिलेपणा तीन शितांत खपायचा, दोनांत सगळा हिशेब बिघडवायचा. खोत यांनी विचारलं, खेळ ढिला नसता तर? पहिल्याच्या प्रत्येक उत्तराला दुसऱ्याचं नेमकं एकच उत्तर, आणि उलटही तसंच? म्हणूनच तो 'युनिक' खेळ. आपली घड्याळं हे त्याचंच रूप. असा खेळ अवघड आहे असं धरून चाललं तर अडलेल्या सिद्धता पुढे सरकत होत्या. म्हणून त्यांनी ते धरलं, आणि धरलं आहे हे उघड सांगितलं.

मे २००२ मध्ये मॉन्ट्रियलला भरलेल्या 'स्टॉक' या परिषदेत ही अटकळ मांडणारा निबंध आला. सिद्धता न देता एक गृहीतक मांडणं आणि त्यातून काय निघतं ते दाखवणं, हे पीएचडीच्या विद्यार्थ्यासाठी धाडसाचं होतं. त्याच परिषदेत इरित दिनूर आणि साफ्रा यांनी पहारेकऱ्यांच्या प्रश्नात १.३६ पटीहून चांगली हमी देणं अवघड असल्याची सिद्धता मांडली होती. ही दोन्ही नावं लक्षात ठेवावीत. सोळा वर्षांनी ती खोत यांच्या नावाशेजारी येणार आहेत.

पुढच्याच वर्षी खोत आणि ओडेड रेगेव्ह यांनी दाखवलं की अटकळ खरी असेल तर पहारेकऱ्यांची ती भोळी, पाच मिनिटांत शिकवता येणारी युक्तीच सर्वोत्तम आहे. दोनाच्या खाली जाताच येणार नाही. हे वाचून खरं तर वाईट वाटायला हवं. मला मात्र समाधान वाटतं. इतकी माणसं इतकी वर्षं शोधत होती आणि सापडलं नाही, याला कारण असेल तर ते कारण कळणं हीही मिळकतच.

आणि मग २००४ आलं. खोत, गाय किंडलर, एल्हानान मोसेल आणि रायन ओ'डोनेल मॅक्स-कटकडे वळले. त्यांच्या सिद्धतेत आरोपीचं प्रत्येक उत्तर एका मतमोजणीच्या नियमाच्या वेशात लिहिलं जातं. प्रामाणिक आरोपीचं उत्तर म्हणजे हुकूमशाही, गावात कुणीही कसंही मत दिलं तरी एका ठरावीक माणसाचं मत तोच निकाल. तो माणूस कोण, हे आरोपीचं उत्तर. लबाड आरोपीला असा एक माणूस दाखवता येत नाही, त्याचा नियम बऱ्याच जणांत वाटलेला असतो. तपासनिसाला फक्त दोन मतमोजण्यांचे निकाल बघायची मुभा आहे, आणि तेवढ्यावरून हुकूमशाही आहे की नाही हे ओळखायचं आहे. तो पहिल्या मोजणीतली काही मतं वाटेल तशी बिघडवून दुसरी मोजणी करतो आणि निकाल बदलला का ते बघतो. मग प्रश्न उरतो की, एकाही मतदाराचा वरचष्मा नसलेल्या नियमांमध्ये असा बिघाड सगळ्यात चांगला कोण सोसतो? चौघांचा तर्क होता, साधं बहुमत. तो तेव्हा सिद्ध नव्हता. मोसेल, ओ'डोनेल आणि क्रिस्तोफ ओलेश्किएविच यांनी पुढच्या वर्षी तो सिद्ध केला.

हुकूमशाही आणि बहुमत यांच्या या सोशिकपणातला फरक मोजला, तर मॅक्स-कटची सीमा मिळते. ती मिळाली ०.८७८. तोच आकडा. दशांशचिन्हापुढे कितीही स्थळं मोजा, तोच. दहा वर्षांपूर्वी गोल कापून आलेला, तात्पुरता वाटणारा आकडा इथे मतमोजणीतून आला. एका बाजूनं पद्धत शोधणारे खणत होते, दुसऱ्या बाजूनं पद्धत नाही म्हणणारे. एकमेकांचे नकाशे त्यांच्याकडे नव्हते, आणि दोन्ही बोगदे केसाच्या अंतरानं समोरासमोर आले. अटकळ उद्या खोटी ठरली तरी हा योगायोग होता असं मला कुणी पटवू शकणार नाही. यामागे काहीतरी आहे.

इथून गाडीनं वेग घेतला. २००५ मध्ये खोत आणि निशीथ विष्णोई यांनी अटकळीच्या मदतीनं अशी रचना उभी केली की, तिच्यामुळे भूमितीतलं एक दुसरंच, गोमन्स आणि लिनियल यांच्या नावानं ओळखलं जाणारं विधान खोटं ठरलं. हा निकाल अटकळीवर अवलंबून नाही, तो स्वतःच्या पायावर उभा आहे. बहुमताचं प्रमेयही तसंच. शिडी खरी की खोटी हे ठरायच्या आत तिच्यावरून चढून माणसं माडीवर पोहोचली होती. २००८ मध्ये प्रसाद राघवेंद्र यांनी तर एका फटक्यात सगळं कुटुंबच गोळा केलं. ज्यात थोड्या-थोड्या चलांवर अटी घातलेल्या असतात आणि जास्तीत जास्त अटी पाळायच्या असतात, अशा प्रत्येक प्रश्नासाठी गोमन्स-विल्यमसन वळणाची एकच पद्धत सर्वोत्तम आहे. अट एवढीच, की खोतांची अटकळ खरी असावी.

एवढा मोठा इमला एका गृहीतकावर उभा राहिला की पायाबद्दल शंका येणारच, आणि ती यायलाच हवी. २०१० मध्ये खुद्द अरोरा यांनी बोअझ बराक आणि डेव्हिड स्टॉयरर यांच्याबरोबर युनिक खेळ सोडवण्याची एक पद्धत दिली. ती झटपट नव्हती, पण अशा कुख्यात प्रश्नांना लागेल असं लोक मानतात त्याहून पुष्कळच कमी वेळ घेणारी होती. शिष्याच्या अटकळीवर सगळ्यात गंभीर घाव घालणाऱ्यांत गुरूही होते, आणि यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. या विद्येची ही रीत मला फार मोलाची वाटते. २०१२ मध्ये आणखी एक धक्का बसला. खोत-विष्णोई धर्तीचे जे नमुने अवघडपणाचे दाखले म्हणून दिले जात, ते 'वर्गांच्या बेरजे'वर बेतलेल्या एका जुन्याच पद्धतीनं सहज सुटतात असं दिसून आलं. अटकळ खोटी आहे असं उघड मानणारे आता वाढले.

१३ ऑगस्ट २०१४ ला सोलमध्ये भरलेल्या जागतिक गणित परिषदेत खोत यांना नेवानलिन्ना पारितोषिक मिळालं. त्याच व्यासपीठावर मरियम मिर्झाखानी आणि मंजुल भार्गव यांना फील्ड्स पदकं दिली गेली. खोत तेव्हा न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवत होते. गौरवात अटकळीचा वाटा मोठा होता आणि अटकळ मात्र अधांतरी होती.

ती जमिनीवर यायला लागली ती एका बाजूच्या वाटेनं. २००२ च्या मूळ निबंधातच खोत यांनी थोडा सैल खेळही मांडला होता. त्याचं पुढचं रूप 'दोनास दोन': एकाच्या उत्तरांची जोडी दुसऱ्याच्या उत्तरांच्या जोडीशी जुळते. खोत, साफ्रा आणि साफ्रा यांचा तेल अवीवमधला विद्यार्थी डोर मिंझर यांनी या खेळावर नवी चाल रचली. पुढे दिनूर आणि किंडलरही त्यांना येऊन मिळाले. उत्तरं लिहिण्यासाठी आता मतमोजणीऐवजी त्यांनी ग्रासमन आलेख घेतला. एकोणिसाव्या शतकात श्टेटिन गावात शाळामास्तरकी करत ज्यानं अनेक मितींच्या भूमितीचा पाया घातला, त्या हेर्मान ग्रासमनच्या नावाचा. या आलेखात प्रत्येक बिंदू म्हणजे एका मोठ्या अवकाशातला एक छोटा उपअवकाश, आणि ज्यांच्यात फक्त एका मितीचा फरक ते शेजारी.

सगळं येऊन ठेपलं एका प्रश्नावर. या आलेखात थोडेच बिंदू असलेला, तरीही शेजार बराचसा आपल्याआपल्यातच ठेवणारा घोळका कसा असू शकतो? काही ठळक घोळके माहीत होते; एका ठरावीक दिशेला सामावून घेणारे सगळे उपअवकाश, किंवा एका ठरावीक पातळीत मावणारे सगळे, आणि या दोन्हींची मिश्रणं. याखेरीज दुसरा प्रकार नाहीच, असं दाखवायचं होतं. बराक, प्रवेश कोठारी आणि स्टॉयरर यांनी मध्येच दाखवून दिलं की एवढं सिद्ध झालं तर बाकीचं आपोआप येतं. यांतले बराक आणि स्टॉयरर म्हणजे आठ वर्षांपूर्वी घाव घालणाऱ्यांपैकी दोघे. जानेवारी २०१८ मध्ये खोत, मिंझर आणि साफ्रा यांनी ते सिद्ध केलं. 'दोनास दोन' हे प्रमेय झालं, एका बारीक सवलतीसह: प्रामाणिक आरोपींनाही शंभर टक्क्यांऐवजी शंभराच्या हवं तेवढं जवळ पोहोचावं लागतं.

पहारेकऱ्यांची सीमा त्यासरशी १.३६ वरून १.४१४ वर, म्हणजे दोनाच्या वर्गमुळावर गेली. कुठल्याही अटकळीविना. मॉन्ट्रियलमधला साफ्रा-दिनूर यांचा आकडा साफ्रांनीच, खोत आणि मिंझर यांच्या साथीनं मागे टाकला.

आणि युनिक खेळाचं काय? जोडीतलं एक उत्तर निवडायचं झालं की निम्मं हातचं जातं. त्यामुळे 'दोनास दोन'मधून असं निघतं की ज्यात निम्म्या अटी पाळता येतात, अशा युनिक खेळात नगण्य हिश्शाएवढ्या अटी पाळणारी मांडणी शोधणंही अवघड आहे. हे आता सिद्ध आहे. अटकळीला निम्म्याच्या जागी शंभराच्या हवं तितकं जवळ जायचं आहे. २०१० ची ती धास्तीची पद्धतही इथे पुन्हा बघावी लागते. ती निम्म्याच्या खेळालाही तशीच लागू पडते, आणि निम्म्याचा खेळ तर निर्विवाद अवघड ठरला आहे. म्हणजे जी पद्धत अटकळीविरुद्धचा पुरावा म्हणून पुढे केली जात होती, तिची साक्ष २०१८ नंतर तेवढी भक्कम राहिली नाही. संशयी मंडळींपैकी काहींचं मत त्या वर्षी बदललं.

निम्म्यापासून नव्याण्णवापर्यंतच्या वाटेला जोडीची युक्ती पुरत नाही. एकाला एकच उत्तर ठेवून, काहीही हातचं न घालवता उतरायला नवा आलेख लागेल किंवा वेगळंच काही. चिठ्ठ्यांचा तो गठ्ठा अजून तसाच पडून आहे, त्यातल्या निम्म्या चिठ्ठ्या पाळता येतात की नव्याण्णव टक्के, एवढाच फरक आता मध्ये उरला आहे.